काकांनी गिअरचं तेल बदललं

आमचे घरमालक चालताना गिअर बदलत. मी थट्टा करत नाही. अधारतालच्या मेन रोडवरून आमच्या गल्लीत वळायचं असलं की मागे चिटपाखरू नसताना ते उजवा हात आडवा काढत. घराच्या पायऱ्यांपाशी आले की डाव्या हाताची मूठ मांडीजवळ नेऊन खाली दाबत आणि मगच पाय उचलत.

"चढावावर टॉपमध्ये गेलं तर इंजिन दम तोडते," ते मला सांगत. "माणूस काय, अन् ट्रक काय. कायदा एकच."

पायऱ्या एकूण चार होत्या.

जबलपुरात लष्कराचे ट्रक बनायचे, त्या कारखान्यात ते गिअरबॉक्स जोडणीचे फोरमन होते. मी त्याच कारखान्याच्या टाइम ऑफिसात हजेरीची क्लार्क. लग्न होऊन अमरावतीहून आले, महिन्याभरात नोकरी लागली, आणि त्यांच्या वरच्या दोन खोल्यांत आमचा संसार सुरू झाला. आम्ही त्यांना काका म्हणायचो. ते मात्र कुणालाच नावानं हाक मारत नसत. मी 'टाइम ऑफिस'. माझे यजमान रेल्वेच्या कंट्रोलमध्ये होते, म्हणून ते 'रेल्वे'. आणि स्वतःची बायको, म्हणजे आमच्या काकू, 'स्टोअर'.

"स्टोअर! एक पंचा, एक पाणी."

"स्टोअर बंद आहे," काकू आतून म्हणत. "जेवणाची सुटी झाली."

काकू नागपूरच्या. बुटक्या, गोऱ्या, आणि कुठल्याही गोष्टीनं न दचकणाऱ्या. त्या घरात टिकायला तेवढं लागायचंच.

काकांना सैल काही बघवत नसे. कुठे काही डुगडुगताना दिसलं की ते खिशातून छोटा पाना काढत, आणि खिशात पाना नाही असं कधी होत नसे. नळ ते असा आवळत की सकाळी तो उघडायला यजमानांना खालून हाक मारावी लागे. लोणच्याच्या बरणीचं झाकण त्यांच्या हातून लागलं की ती बरणी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत उघडत नसे. एकदा माझ्या चष्म्याची दांडी सैल झालेली त्यांनी पाहिली. मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी दोन्ही स्क्रू आवळून दिले. त्यानंतर तो चष्मा मिटेना. दोन वर्षं मी तो उघडाच, वाटीत उताणा ठेवून ऑफिसात नेला.

"सैल राहिलं का खळखळते," ते म्हणत, "खळखळलं का तुटते, अन् तुटलं का मग लोक म्हणतात, फोरमन कोण होता बे?"

त्यांची एक पिकअप होती. लष्करी डिस्पोजलच्या लिलावात निघालेली, दुसऱ्या महायुद्धातली, हिरव्या रंगाची. रंग काकांनी दिला होता, एका बाजूचा. दुसऱ्या बाजूला वेळ मिळाला नव्हता. अंगणात पेरूच्या झाडाखाली ती उभी असायची, आणि रविवारी काका तिच्याखाली आडवे असायचे. पाहुणे आले की काकू त्यांना अंगणात नेऊन दोन पायांशी ओळख करून देत. "हे आमचे." पाय हलत. आतून आवाज येई, "नमस्कार."

बांगलादेशच्या लढाईचा तो डिसेंबर. कारखान्यात बारा-बारा तासांची पाळी लागली होती, घरोघर खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवलेले होते, आणि जो तो रेडिओला कान लावून बसलेला. रविवारची सुटी पंधरा दिवसांतून एकदाच मिळे. अशाच एका सुटीच्या आदल्या दिवशी माझे यजमान बातमी घेऊन आले, की उद्या दुपारी चारच्या सुमाराला जवानांची एक स्पेशल गाडी स्टेशनवर थांबणार आहे. पाणी भरायला अर्धा तास.

ही बातमी गुपित होती, त्यामुळे संध्याकाळपर्यंत सगळ्या मराठी घरांत पोचली. आमच्या मराठी मंडळाच्या बायकांनी तिळगुळाचे लाडू करायला घेतले. पत्र्याचे आठ मोठे कनस्तर भरले. वर लोकरीचे मफलर, ते दोन पोत्यांत. आता हे सगळं स्टेशनवर न्यायचं कसं, असा प्रश्न आला, आणि आमच्या काकूंच्या तोंडून निघून गेलं, "आमची गाडी आहे ना."

रविवारी सकाळी मी खाली आले तर काका पिकअपच्या पुढ्यात पाना घेऊन उभे.

"गिअरचं तेल बदलून घेतो," ते म्हणाले.

"आत्ता?" काकू दारात आल्या. "काहून? कालपर्यंत तर चालत होती."

"चालत होती म्हणजे कुरकुरत होती. जवानांचे लाडू घाण तेलावर नेऊ काय मी?"

"लाडू मागं फळीवर बसणार आहेत का तुमच्या गिअरबॉक्सात?"

"स्टोअर," काका शांतपणे म्हणाले, "बादली."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. गिअरबॉक्सला तेलासाठी दोन बूच असतात. एक खाली, त्यातून जुनं तेल सोडायचं. एक वर, अंगाच्या बाजूला, त्यातून नवीन भरायचं. कारखान्यात नवी पोरं भरती झाली की काका पहिला धडा हाच देत. आधी वरचं बूच उघडून बघा, मग खालचं. कारण खालचं उघडून सगळं तेल सोडलं, आणि वरचं उघडलंच नाही, तर गाडी जागच्या जागी मेली. ना जुनं तेल, ना नवीन. "आधी वरचं, मग खालचं," हे ते पोरांकडून प्रार्थनेसारखं म्हणवून घेत. आमच्या टाइम ऑफिसच्या खिडकीतून ऐकू यायचं.

तर त्या सकाळी मंडळाच्या पाच-सहा बायका कनस्तर घेऊन अंगणात आल्या, आणि काकांना श्रोते मिळाले. ते गाडीखाली सरकले, आणि खालूनच भाषण सुरू झालं. तेल म्हणजे काय, दातावर दात कसा बसतो, तेल काळं का होतं.

"आता बघा हं, किती काळं निघून राहिलं ते!" असं म्हणून त्यांनी खालचं बूच काढलं.

काकवीसारखं दाट, काळं तेल सावकाश बादलीत उतरलं. बायकांनी "अगोबाई" म्हटलं. काकांनी बोट बुडवून वास घेतला, अंगठ्यावर चोळलं, आणि जिभेच्या टोकाला लावून पाहिलं. बायकांनी पुन्हा "अगोबाई" म्हटलं. खालचं बूच पुसून, परत लावून, आवळून झालं.

मग ते वरच्या बुचाकडे वळले.

पहिली पाच मिनिटं नुसतं कण्हणं ऐकू आलं. मग ठोकण्याचा आवाज. मग "स्टोअर, मोठा हातोडा." मग "स्टोअर, घासलेट." मग "स्टोअर, तो नळाचा पाइप." पाइप पान्याच्या दांड्यावर चढवून काकांनी जोर लावला. बूच हललं नाही. गाडी हलली.

शेजारचे पंडितजी कुंपणावरून बघत होते. शाळेतून निवृत्त झालेले हेडमास्तर, निसर्गोपचाराचे भक्त, आणि काकांचे वीस वर्षांचे प्रतिस्पर्धी. त्यांच्या मते जगातलं प्रत्येक दुखणं पोटातून येतं, आणि काकांच्या मते सैल नटातून.

"सहायता करूँ क्या?" त्यांनी विचारलं.

"पाइप पे बैठ जाइए," खालून आवाज आला.

पंडितजी धोतर सावरून पाइपच्या टोकावर बसले. काकांनी "हां, ज़ोर से" म्हटलं. पंडितजी एकदा वर उडून खाली बसले, आणि 'कट्' असा आवाज झाला.

"खुल गया?" पंडितजींनी विचारलं.

खालून पाना जमिनीवर टाकल्याचा आवाज आला. मग काका म्हणाले, "कोने घिस गए." बुचाचे सगळे कोपरे झिजून ते गोल झालं होतं. आता त्याला जगातला कुठलाही पाना लागणार नव्हता.

"कुन्या गाढवानं आवळलं हे इतकं?" काका खालून गरजले.

बायकांनी काकूंकडे पाहिलं. पेरूच्या झाडावर पोपट होता, त्यानंही.

"अहो," काकू हळूच म्हणाल्या, "या गाडीखाली तुमच्याबिगर जाते कोण?"

साडेअकरा वाजले होते. चारला स्पेशल येणार. आठ कनस्तर अंगणात ओळीनं उभे. आणि काका गाडीखालून बाहेर येईनात. नुसते पाय दिसत होते, आणि तेही अजिबात हलत नव्हते. मी इतक्या दिवसांत ते पाय इतके स्थिर कधी पाहिले नव्हते. मी वाकून आत बघितलं. काका उताणे, हात छातीवर, त्या गोल झालेल्या बुचाकडे बघत पडलेले.

"टाइम ऑफिस," ते हळू आवाजात म्हणाले, "मी पोरांना काय शिकवतो?"

"आधी वरचं, मग खालचं."

"अन् मी काय केलं?"

त्यांच्या नाकावर काळा डाग, डोळ्यांत पाणी. घासलेटाचंही असेल. पण मला वाटलं, हा माणूस आता संध्याकाळपर्यंत इथून उठायचा नाही.

तेवढ्यात काकू पुढच्या सीटमध्ये चढल्या. त्यांनी गिअरचा दांडा धरून हलवून पाहिला, खाली वाकून तो जिथून निघतो तिथली पत्र्याची टोपी चाचपली, आणि ओरडल्या, "अहो, हा दांडा कुठं जाते?"

"गिअरबॉक्सात," खालून मेलेल्या आवाजात उत्तर आलं.

"मग हा उपटला तर भोक पडंल ना?"

एक पाय हलला.

"अन् तेल भोकातून आत जाईल का नाही?"

दुसराही हलला. मग काकांचे पाय एकदम जिवंत झाले. गडी सरपटत बाहेर आला, डोकं गाडीच्या पायरीला आपटलं, त्याकडे लक्षही न देता काकूंसमोर उभा राहिला आणि बघतच राहिला. लग्नात अंतरपाट निघाल्यावरही इतकं बघितलं नसेल.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला काय पाहिजे? कुकरचं झाकण अडकलं का मी शिट्टी काढून पाणी घालतो ना आत. झाकण तुम्हीच लावता."

दांडा निघाला. भोक मिळालं. तेल पुरेसं झालं की ते वरच्या बुचाच्या भोकातून सांडायला लागतं, ते माप आता नव्हतं, तर काकूंनीच सांगितलं, बादलीत जिथवर काळं आलं तिथवर नवीन घ्या. पण तेल ओतायला गेलो तर नवीन अडचण. नवीन तेल मधासारखं घट्ट, त्यात जबलपूरची थंडी. डबा उलटा केला तर तेल तोंडाशी येऊन विचार करत थांबे. आणि भोक इतकं अडचणीत, की नरसाळं उभं राहीना.

"इसको नली चाहिए," पंडितजी म्हणाले. "और गुनगुना करना पड़ेगा."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. पंडितजींनी एकदा घसा खाकरला. मग घरी गेले आणि परत आले ते हातात एक पांढरा इनॅमलचा डबा घेऊन. डब्याच्या बुडाशी तोटी, तोटीला दीड हात लांब लाल रबरी नळी. तो एनिमाचा डबा होता. मंडळाच्या बायकांनी पदर तोंडाला लावले.

"शरमाने की क्या बात है?" पंडितजी ताठ उभे राहून म्हणाले. "मशीन का भी पेट होता है."

वीस वर्षांच्या वादात काका त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाले, "सही बात है, पंडितजी."

काकूंनी शेगडीवर पातेल्यात पाणी ठेवलं, त्यात तेलाचा डबा. पाच मिनिटांत गल्लीभर सडक्या अंड्यांचा वास सुटला. गिअरच्या तेलाला तो असतोच. पलीकडच्या घरातून एक बाई नाकाला रुमाल लावून विचारून गेली की आज मराठी लोकांचा कुठला सण आहे. पंडितजींनी तेलात करंगळी बुडवून बघितली. "अभी ठंडा है." थोड्या वेळानं पुन्हा बुडवली. "अब ठीक. इससे ज़्यादा गरम नुकसान करेगा." मग सीटच्या पाठीवर उभं राहून त्यांनी डबा उंच धरला, काकांनी नळी भोकात सोडली, आणि सगळं अंगण श्वास रोखून बघत राहिलं. तेल उतरायला लागलं.

"ज़बरदस्ती नहीं," पंडितजी वरून सूचना देत होते. "आराम से. उसको लेने दो."

पावणेतीनला शेवटचा थेंब आत गेला. काकांनी दांडा परत बसवला, टोपी आवळली. खूप आवळली. हॅण्डल मारून गाडी चालू केली, पहिला गिअर टाकला. गाडी पुढे गेली. अंगणात टाळ्या पडल्या. दुसरा टाकायला गेले. दांडा जागचा हलेना.

घाईत दांड्याचं टोक आत चुकीच्या खाचेत बसलं होतं. टोपी उघडून परत बसवायचा मार्ग होता, पण टोपी काकांनी आवळली होती.

"पहिला आहे ना?" काका म्हणाले. "पहिल्यात पण स्टेशन येते."

तर आम्ही पहिल्या गिअरमध्ये निघालो. पुढे काका-काकू, मागे आठ कनस्तर, मफलर, मंडळाच्या बायका, मी, आणि एनिमाचा डबा मांडीवर घेऊन पंडितजी. आवाज विमानासारखा आणि वेग म्हशीसारखा. सायकलवाले आमच्या शेजारून जाताना विचारत, "कहाँ जा रहे हो, अम्मा?" आम्ही सांगायचो, त्यांच्या ओळखीचं कुणी फौजेत असलं तर ते सांगायचे, आमचं बोलणं पुरतं संपायचं, आणि मग ते पुढे जायचे. अर्ध्या वाटेवर दोन बायकांचे पाय अवघडले म्हणून त्या उतरून चालायला लागल्या. थोड्या वेळानं त्या आमच्यापुढे दिसेनाशा झाल्या.

ओमतीच्या चौकात शिपायानं हात दाखवला. "इतना शोर काहे का?"

"फौज का सामान है!" काका ओरडले.

"तो जल्दी ले जाओ ना!"

"जल्दी ही जा रहे हैं!"

चार वाजून दहा मिनिटांनी आम्ही पोचलो, आणि स्पेशल उभी होती. आमच्या त्या दोन बायका फाटकापाशी वाट बघत होत्या. मग धावपळच झाली. खिडक्या-खिडक्यांतून हात बाहेर आले. कोवळी कोवळी पोरं, केस बारीक कापलेले. एकानं लाडू घेतला, मफलर लगेच गळ्यात घातला आणि विचारलं, "मावशी, कुठले तुम्ही?" तो साताऱ्याकडचा होता. काकू त्याच्या खिडकीपाशी उभ्या राहिल्या आणि त्याला एकामागून एक लाडू देत राहिल्या.  आम्हीही पुढच्या खिडक्यांपाशी तेच करत होतो.

कनस्तर रिकामे झाले तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की काका नाहीत.

मी प्लॅटफॉर्मच्या टोकापर्यंत गेले. डबे संपून मागे मालाच्या उघड्या वाघिणी जोडल्या होत्या आणि त्यांवर साखळ्यांनी बांधलेले ट्रक उभे होते, ओळीनं. आमचे. आमच्या कारखान्यात बनलेले. खालच्या पहारेकऱ्याला मी विचारलं, "एक बुज़ुर्ग देखे क्या? तेल से काले?"

"हां जी. इंस्पेक्टर साब? हमको डाँट के ऊपर गए हैं. बोले चेन ढीली है."

तिसऱ्या वाघिणीवर, एका ट्रकखालून, दोन पाय बाहेर आलेले दिसले.

"काका!" मी ओरडले. "गाडी सुटेल!"

"एकच मिनिट, टाइम ऑफिस! चार झाले, पाच राहिले!"

शिट्टी झाली. मी पुन्हा ओरडले. पहारेकरी उडी मारून वर चढला. वाघीण हलली, आणि ते दोन पाय माझ्यासमोरून डावीकडून उजवीकडे सावकाश निघून गेले. काकू तोवर माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी जाणाऱ्या गाडीकडे पाहिलं, डोक्यावरचा पदर नीट केला, आणि म्हणाल्या, "स्वेटर तरी घालायचा होता."

यजमानांनी कंट्रोलमधून पुढच्या स्टेशनांना फोन केले. काकांना कटनीला उतरवलं होतं. सकाळच्या एका मालगाडीच्या गार्डाबरोबर ते परत आले, अंगावर कुणा जवानाचं पांघरूण, दाढी वाढलेली, मनगटापर्यंत ग्रीस. कारखान्याची पाळी कधीच सुरू झाली होती. लढाईच्या दिवसांत विनापरवानगी गैरहजर राहणं म्हणजे चौकशी. सबंध नोकरीत त्यांचा एक लेट मार्क नव्हता, हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक? रजिस्टर माझ्याकडेच होतं.

ते तसेच माझ्या टेबलापाशी आले. मी अर्जाचा कागद पुढे ओढला. "कारण काय लिहू, काका? तब्येत लिहू?"

"खोटं काहून?" ते म्हणाले. "लिही. ट्रकच्या खाली होतो. ट्रक निघून गेला."

मी तसंच लिहिलं. अर्ज साहेबांकडे गेला. साहेबांनी तो दोनदा वाचला, मग काकांना आत बोलावलं. दार अर्धं उघडं होतं.

"कितने ट्रक देखे?" साहेबांनी विचारलं.

"नौ के नौ, साहब."

"कैसे थे?"

काकांनी हातावरचं ग्रीस पँटला पुसलं.

"अच्छे थे, साहब," ते म्हणाले. "लड़के भी बहुत अच्छे थे."

साहेबांनी सही केली, आणि रजा भरपगारी मंजूर झाली.